वर्गाकडे पाठ करून बसणारे ताता

आमच्या वर्गात ताता पोरींकडे पाठ करून बसायचे. समाजमंदिराच्या त्या हॉलला एकच दार. त्या दाराकडे तोंड करून, उलट्या घातलेल्या तेलाच्या डब्यावर, पांढऱ्या शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावून ते बसत. सोलापूरचा मे महिना कसा असतो ते मी सांगायला नको. पंख्याखाली बसून आम्ही पदरानं वारा घ्यायचो आणि हे गृहस्थ बाहीचं बटणसुद्धा सोडायचे नाहीत. नव्या माणसाला ते वॉचमन वाटायचे. एकदा एक पाहुणे गाडीची किल्ली त्यांच्या हातात देऊन, "जरा लक्ष ठेवा," म्हणून आत आले. तातांनी दोन तास गाडीवर लक्ष ठेवलं आणि किल्ली परत देताना मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे हेही सांगितलं.

ताता म्हणजे तेलुगूत आजोबा. शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू घरांतल्या आमच्या पोरी त्यांना ताता म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. गल्लीतल्या बायका मात्र त्यांना 'चेकर' म्हणत, आणि तेही आवाज खाली करून. तीसएक वर्षं ते बिडी कारखान्यात चेकर होते. या भागात बायका घरी बसून बिड्या वळतात आणि रोज कारखान्यात नेऊन देतात. तिथं काउंटरमागे चेकर बसलेला असतो. तो बिड्या हातात घेऊन बघतो. चांगल्या त्या पास. सैल, वाकड्या, तोंड नीट न मिटलेल्या त्या छाट. छाट झाली की बाईची मेहनत गेली, आणि कुणाकडं दाद मागायची सोय नाही. असं काम तीस वर्षं केलेला माणूस गल्लीतून चालला की बायका बिड्यांचं सूप पदराखाली घेत. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी घेत.

मी मूळची मंद्रूपची. समाजकार्याची पदवी घेऊन सोलापुरात आले तेव्हा आपण आता जग सुधारणार अशी माझी खात्री होती. संस्थेनं मला शाळा सुटलेल्या पोरींचा दुपारचा वर्ग दिला. निम्म्या पोरी बिडीच्या घरातल्या, निम्म्या कचरा वेचणाऱ्या. रोज दोन तास शिकवायचं, तयारी करून घ्यायची आणि जूनमध्ये त्यांना महापालिकेच्या शाळेत घालायचं, असं ते काम. पहिल्याच आठवड्यात ताता दारात येऊन उभे राहिले.

"टीचर, मला पोरींचे हात वळकता येत्यात," म्हणाले.

मला वाटलं, ज्योतिषी आला. मी त्यांना हात जोडून वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी ते परत आले. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा मी चिडून विचारलं, "अहो बाबा, नक्की काय ओळखता तुम्ही?"

"चला की माझ्यासंगं. दाखवतो."

त्या वेळी माझी मोठी अडचण अशी होती, की घरोघर फिरून विचारलं तर एकही आई पोरगी काम करते असं कबूल करायची नाही. "छे वो, आमची पोरगी हात न्हाय लावत," हे उत्तर सगळीकडं तयार. तातांबरोबर मी एका घरात गेले. बाईनं तेच सांगितलं. ताता उंबऱ्यापाशी उकिडवे बसले, सुपातली एक बिडी उचलली, अंगठा आणि बोट यांच्यात फिरवली आणि कानाशी नेली.

"वळली तू. तोंड मिटवलं पोरीनं. नऊ वर्षांची आसंल. डावखुरी हाय."

बाईचा चेहरा पडला. पडद्यामागून एक पोरगी हळूच बाहेर आली. डावा हात तिनं पाठीमागं लपवला होता. बिडीचं तोंड नखानं आत दाबून मिटवतात. लहान बोटाचा दाब वेगळा पडतो आणि घडी उथळ राहते, असं त्यांनी मला नंतर समजावून सांगितलं. मला सुपातल्या सगळ्या बिड्या सारख्याच दिसत होत्या. ताता त्या बाईला एका शब्दानं बोलले नाहीत. "दुपारी दोन तास पाठव की. मी दारात बसतोय," एवढंच म्हणाले. पोरगी आली. अशा दहाबारा पोरी त्यांनी नुसत्या बिड्या कानाशी धरून आणल्या असतील.

सगळं कानाशी धरून बघायची त्यांना सवयच होती. भाकरीचा तुकडा, खडू, वहीचं पान, काहीही आधी चिमटीत फिरवायचे. एका कंपनीचे लोक पुण्याहून पोरींसाठी दप्तरं घेऊन आले होते. फोटो काढणं चाललेलं, मी भाषणाची तयारी करत होते, आणि तातांनी एका दप्तराची चेन कानाशी धरून दोनदा सरकवली. "टिकनार न्हाय," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पाहुणे गेल्यावर मी त्यांच्याशी कडाक्याचं भांडले. महिन्याभरात निम्म्या दप्तरांच्या चेनी उसवल्या. मग तेच सुई-दोरा घेऊन डब्यावर बसले आणि सगळ्या चेनींच्या जागी बटणं लावून दिली. मला एका शब्दानं टोचून बोलले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. मी असते तर सोडलं नसतं.

शिकवण्यात मात्र त्यांची बोंब होती. बिड्यांचं बंडल पंचवीसचं, त्यामुळं त्यांचं सगळं गणित पंचवीसनं चाले. आमच्या पोरींना दोनचा पाढा यायच्या आधी पंचवीसचा पाठ झाला, तोही तेलुगूत. शाळेतल्या बाईंनी एकीला "बे चोक?" विचारलं तर ती ढिम्म, आणि पंचवीस सत्ते काय म्हटलं की धडाधड. मी कपाळावर हात मारून घेतला. तातांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "मोठं आलं की बारकं येतंय," म्हणाले.

आमचं खरं वाजलं ते लाल पेनावरून. मी एका पोरीच्या वहीत चुकलेल्या गणितावर फुली मारली. तातांनी ती वही माझ्या हातातून काढून घेतली. भर वर्गात.

"फुली मारायची न्हाय."

"मग चुकलेलं त्यांना कळणार कसं?"

"बाजूला ठिवायचं. उद्या परत करंल की."

मला बीएडच्या मैत्रिणीनं दिलेली चार पुस्तकं पाठ होती, त्यामुळं मी बराच वेळ हुज्जत घातली. ते ऐकेनात. वर तीन दिवस रुसून बसले, माझ्याशी बोलणं बंद. शेवटी मी लाल पेन ड्रॉवरमध्ये टाकलं. पाठ करून का बसता, हेही मी त्याच भांडणात विचारलं होतं. ते म्हणाले, "पोरगी पाटी दाखवायच्या आधी तोंडाकडं बघती माणसाच्या. तीस वर्षं बाया बघत होत्या माझ्या तोंडाकडं. आता पुरं." शिवाय दाराकडं तोंड असलं की पोरीला ओढून न्यायला आलेली आई किंवा मामा त्यांना आधी दिसे. पोरीला न्यायला आलेला एकही माणूस तातांना ओलांडून आत आला नाही. ते काही मारामारी करणारे नव्हते. नुसते उठून उभे राहायचे, आणि जुनी दहशत उपयोगी पडायची.

राजी आमच्या वर्गातली सगळ्यात चलाख पोरगी. अकरा वर्षांची, दोन वेण्या, आणि सतत प्रश्न. जूनमध्ये तिला पाचवीत घालायचं हे जवळजवळ ठरलं होतं. एप्रिलअखेरीला ती यायची बंद झाली. तीन दिवस वाट बघून ताता आणि मी तिच्या घरी गेलो. तिच्या आईच्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं. अंगठा सुजून टम्म, त्यावर हळदीची पट्टी. ती कशीबशी बिड्या वळत होती, पण नखानं तोंड दाबणं तिला शक्यच नव्हतं. राजी समोर बसून मान खाली घालून तोंडं मिटवत होती.

"बरं झालं की लावून देतो," आई म्हणाली. माझ्याकडं बघून म्हणाली, तातांकडं तिनं बघितलंही नाही.

मी समजावणीच्या सुरात बरंच बोलले. बाहेर पडलो तर ते कोपऱ्यावरच्या लूमच्या कारखान्यापाशी पायरीवर बसले. आत यंत्रमाग धडधडत होते. त्या आवाजात त्यांना जे सांगायचं होतं ते ओरडूनच सांगावं लागलं.

ते असं होतं. ऐन नोकरीत त्यांच्या मनानं घेतलं, की पोरींनी बिड्या मिटवू नयेत, शाळेत जावं. कारखान्यानं सांगितलं नव्हतं, सरकारनं सांगितलं नव्हतं. हे त्यांचं त्यांनीच ठरवलेलं. मग त्यांनी लहान हाताची प्रत्येक बिडी छाट करायला सुरुवात केली. एकदा छाट, दोनदा छाट, आया आपोआप पोरींना कामावरून उठवतील असा हिशेब. पाचसहा महिन्यांत लहान हाताच्या बिड्या यायच्या बंद झाल्या. तातांना इतका आनंद झाला की त्यांनी मारुतीला नारळ फोडला.

"आन् मग कळलं, टीचर," ते ओरडले. "आदी पोरी शाळंतनं आल्यावर तासभर बसायच्या. म्हनून हात कच्चा. मी छाटाय लागलो तसं आयांनी शाळाच बंद केली त्यांची. दिवसभर बसवलं. हात पक्का झाला. येवढा पक्का की मला बी कळंना, आईचा हात कुटला आन् पोरीचा कुटला."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"राजीची आई चौथीत होती तवा," ते म्हणाले. "तिच्या बिड्या मी लई छाटल्या."

पायरीवरून उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. तोवर मी त्यांना म्हातारे समजत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तेलाचा डबा रिकामा होता. आधीच राजी गेलेली, त्यात ताताही रुसले, म्हणून मी मनातून जाम वैतागले. तेवढ्यात राजी धावत आली आणि आपल्या जागेवर बसली.

"ताता कुठायत गं?"

"आमच्या घरात बसल्यात की. बिड्या मिटवाय लागलेत. मला म्हनले, जा पळ."

वर्ग सुटल्यावर मी बघायला गेले. ज्या माणसाच्या भीतीनं गल्ली सूप लपवायची, तो माणूस राजीच्या आईसमोर मांडी घालून बसला होता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ ओठात धरलेली, आणि एकेका बिडीशी कुस्ती चाललेली. उभ्या जन्मात लाखो बिड्या त्यांनी पारखल्या, पण स्वतःच्या हातानं मिटवली एकही नव्हती. राजीची आई खाली मान घालून वळत होती. मी आल्या पावली परतले.

असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी वर्ग सुटता सुटता राजीची आई समाजमंदिराच्या दारात आली. ताता तेव्हा नुकतेच येऊन डब्यावर टेकले होते. तिनं हातातलं सूप त्यांच्यासमोर आदळलं.

"सगळी छाट! चार दिस नवा चेकर गप बसला, आज समदं परत दिलं. बारक्या पोरीचा हात हाय म्हनतो. पोरीला कामाला बसवतीस का, कार्ड काढून घीन, म्हनतो!"

तातांनी एक बिडी उचलली आणि बघितली. त्यांना स्वतःलाही ती पास करता आली नसती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कार्ड गेलं तर त्या घराचं काम गेलं आणि राजीची शाळा तर गेलीच गेली, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. ते उठले. "चला," म्हणाले. मीही गेले.

कारखान्यात बायकांची रांग होती. ताता काउंटरकडं थेट गेले नाहीत. राजीच्या आईच्या मागं, रांगेत उभे राहिले. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. नवा चेकर तिशीतला होता, तातांच्याच हाताखाली शिकलेला. नंबर आल्यावर त्यानं मान वर केली आणि तो ताडकन उभा राहिला.

"मामा, तुमी?"

तातांनी सुपातनं न मिटवलेली एक बिडी घेतली आणि त्याच्यासमोर तिचं तोंड मिटवायला लागले. एक कडा आत गेली की दुसरी बाहेर यायची. शेवटी ते कसंबसं जमलं.

"हा हात माझा हाय. पोरीचा न्हवं. पोरगी शाळंला चाललीय."

नवा चेकर पार ओशाळला. "आसू द्या की मामा. द्या, सगळं पास करतो."

"आजाबात न्हाय!" ताता कडाडले. त्यांचा तो जुना आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "माल वाईट हाय. छाट तो. माझा हाय म्हनून पास केलास तर मी काय शिकवलं तुला? तेवढं कार्डाचं बोलू नको." मग त्यांचा आवाज उतरला. राजीच्या आईकडं न बघता, समोर काउंटरकडं बघत ते म्हणाले, "हिच्या बिड्या मी छाटायचो, ही बारकी होती तवा. शाळा सुटू नये म्हनून छाटल्या. त्यानंच सुटली. माझं चुकलं. हिला कदी बोललो न्हाय."

राजीच्या आईनं सूप काखेला लावलं. ती चालू लागली. समाजमंदिराच्या वळणावर थांबली आणि म्हणाली, "चेकर, उद्यापास्नं येऊ नका."

त्या दिवशी मला खरंच वाटलं, की पोरगी हातची गेली. मी तातांवर चिडलेसुद्धा. तो बिचारा पास करत होता तर करू द्यायचं होतं, तत्त्वाचं सोंग कशाला, असं मी त्यांना तोंडावर बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ताता डब्यावर होते आणि बरोबर वेळेला राजी आली. तातांच्या पुढ्यात उभी राहून तिनं निरोप सांगितला: "आई म्हनली, ताताला ते काम जमत न्हाय. ती डाव्या हातानं मिटवाय लागलीय. हळू होतंय, पर होतंय. आन् म्हनली, मला शाळंत घालायच्या दिवशी तिला बी बोलवा."

जूनमध्ये शाळा उघडली. मी, ताता, राजी आणि तिची आई मुख्याध्यापिकांच्या खोलीत बसलो. आईचा अंगठा बरा झाला होता, नवं नख अर्ध्यावर आलं होतं. मुख्याध्यापिकांनी सवयीनं शाईचा पॅड पुढं केला. राजीच्या आईनं तो बाजूला सारला आणि पेन मागितलं.

अर्जावर वाकून ती लिहू लागली. पहिलं अक्षर भलं मोठं, पुढची हळूहळू लहान होत गेलेली. सगळी अक्षरं झाल्यावर डोक्यावरची रेघ तिनं वेगळी ओढली. मग तो कागद तिनं मुख्याध्यापिकांकडं नाही, तातांकडं सरकवला.

"बगा चेकर. बरोबर हाय का?"

तातांनी चष्मा पुसला, परत घातला. "लई चांगलं हाय, अम्मा," म्हणाले.

मुख्याध्यापिकांनी वाकून बघितलं. "अहो ताई, हे तुमचं माहेरचं नाव झालं. इथं आत्ताचं नाव पाहिजे, नवऱ्याचं नाव, आडनाव."

"मला येवढंच येतंय," ती म्हणाली. "चौथीत येवढंच होतं माझं नाव."

ताता रडत होते, सरळ, सगळ्यांसमोर, डोळे न पुसता. मुख्याध्यापिकांनी खणातून दुसरा कोरा अर्ज काढला. राजीनं माझ्याकडून कागद मागून घेतला, त्यावर आईचं पूर्ण नाव लिहिलं आणि तो तिच्यासमोर ठेवला. राजीची आई खुर्ची पुढं ओढून नीट बसली. राजी शेजारी उभी राहून अक्षराखाली बोट धरत होती आणि आई बघून बघून एकेक अक्षर लिहीत होती.